हाताने बनवायच्या लाकडी उपकरणांसाठी कोणते लाकूड घ्यावे?

प्रश्न
चमचे, उलथणी, एक लाटणे आणि एक रुंद चॉपिंग बोर्ड हाताने बनवण्याचा माझा विचार आहे. मेपल, बीच, ओक, अक्रोड आणि सागवान यांतून निवड करायची आहे. लाकूड जितके कठीण तितके ते स्वयंपाकघराला चांगले, असे वारंवार वाचायला मिळते. केवळ कठीणपणा पाहून निवड करणे योग्य ठरेल का?

पहिले उत्तर
नाही. कठीणपणा मोजणाऱ्या जांका चाचणीत ११.२८ मिलिमीटर व्यासाचा पोलादी गोळा लाकडात निम्मा रुतवायला किती बल लागते, ते मोजतात. हार्ड मेपलला सुमारे ६,४०० न्यूटन लागते, तर काळ्या अक्रोडाला सुमारे ४,५००. त्यावरून लाकडाला खळगे किती सहज पडतील हे कळते. ते पाणी आणि डाग किती शोषेल, हे मात्र कळत नाही. त्यासाठी रंध्रे पाहावी लागतात. मेपल आणि बीच यांची रंध्रे बारीक व सर्वत्र सारखी विखुरलेली असल्यामुळे त्यांत अन्नकण सहसा अडकत नाहीत. याउलट लाल ओकची रंध्रे इतकी मोकळी असतात की छोट्या तुकड्याच्या एका टोकातून फुंकर मारली, तर हवा दुसऱ्या टोकातून बाहेर पडते. असे लाकूड चमच्याला वापरणे मला तरी पटत नाही. पांढऱ्या ओकच्या गाभ्यातील रंध्रे बुजलेली असतात, म्हणून द्रव साठवण्याची पिंपे त्याची करतात. मात्र त्यातील टॅनिन या तुरट द्रव्यामुळे ओल्या बोर्डावर लोखंडी पात्याची सुरी राहून गेली, तर निळसर काळा डाग पडतो.

दुसरे उत्तर
यात लाकडाच्या फुगण्या-आकसण्याचा मुद्दा जोडायला हवा. हा बदल वर्षवलयांना समांतर दिशेने जितका होतो, त्याच्या साधारण निम्माच त्यांना काटकोनात होतो, आणि या असमानतेमुळे रुंद फळी वाकते. बीच या बाबतीत फारच चंचल आहे. चमच्याची रुंदी नगण्य असल्याने तेथे ते उत्तम चालते, पण रुंद बोर्डासाठी मी ते टाळेन. सागवान पुष्कळच स्थिर असते आणि त्यातील नैसर्गिक तेलामुळे पाण्यालाही टिकते. तथापि त्यातील सिलिकाच्या, म्हणजे वाळूसारख्या कठीण कणांमुळे पटाशीची आणि पुढे सुरीचीही धार लवकर बोथट होते. बोर्डाला मेपलच घ्यावे, आणि शक्य असल्यास तुकडे उभे चिकटवून त्यांची कापलेली टोके वर ठेवावीत, म्हणजे पाते तंतूंना तोडण्याऐवजी त्यांच्यामधून जाते. चमच्याच्या दांड्यात मात्र रेषा लांबीनेच धावल्या पाहिजेत. त्या आडव्या गेल्या, तर लाकूड कोणतेही असो, मान मोडते.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. अक्रोड आणि शेवटचा तेलाचा हात यांविषयीही कोणी सांगावे.

तिसरे उत्तर
अक्रोड कोरायला सुखद असते आणि गडद रंगामुळे त्यावरील डाग लपतात. त्याची उलथणी करा, लाटण्याला मेपल ठेवा. तेल लावण्यापूर्वी वस्तू ओली करून वाळू द्यावी आणि उभे राहिलेले तंतू बारीक पॉलिश पेपरने काढावेत. जवसाचे कच्चे तेल हवेत हळूहळू घट्ट होते. ऑलिव्हसारखे स्वयंपाकाचे तेल तसे होत नाही आणि कालांतराने खवट होते. घासताना मास्क अवश्य वापरा, कारण लाकडाची भुकटी श्वसनमार्गाला घातक असते, आणि सागवानाच्या भुकटीने काहींच्या त्वचेलाही खाज सुटते.