मदत हवी आहे: प्राथमिक आरोग्य केंद्राचा जमा-खर्च बघून निर्णय कसे घ्यायचे?

नमस्कार मंडळी,

पुण्यात नोकरीला आहे, काम हिशेबाचंच. गाव भोर तालुक्यात. गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या रुग्ण कल्याण समितीवर (केंद्राचा निधी कशावर खर्च करायचा ते ठरवणारी समिती) यंदा मला घेतलंय. पहिल्या बैठकीत जमा-खर्चाचा कागद फिरला, सगळ्यांनी सह्या केल्या. मी कॅशबुक बघायला मागितलं. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "बघा की ताई, कुणी मागतच नाही."

वर्षाला पावणेदोन लाख आलेले. एप्रिलपासून जानेवारीपर्यंत फिनेल, झेरॉक्स, ट्यूबलाइट, एवढंच. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात मात्र पान गच्च: खुर्च्या, पडदे, रंगकाम. सगळ्याला बिलं आहेत, कुणी पैसा खाल्लेला नाही. पण त्याच पावसाळ्यात इन्व्हर्टरची बॅटरी बसली होती आणि आमच्या शेजारच्या वहिनींचं बाळंतपण मोबाईलच्या उजेडात झालं. तेव्हा खात्यात पैसे पडून होते! बैठक झाली नव्हती, आणि ठरावाशिवाय खर्च केला तर ऑडिटला आक्षेप येईल म्हणून मॅडम थांबल्या. ते पान बघितल्यापासून झोप नीट लागत नाही.

15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यात केसपेपरचे पैसे घेत नाहीत. ते योग्यच झालं, पण त्यामुळे समितीची स्वतःची अशी जमा उरली नाही. जे येतं ते राष्ट्रीय आरोग्य अभियानाकडून. म्हणून तेवढं तरी वेळेवर लागावं, ही तळमळ.

अडचण अशी की औषधं वरून वस्तुरूपात येतात आणि पगारही या खात्यातून होत नाहीत. मग एका रुग्णामागे किती खर्च होतो, हे काढायचं कसं? दर महिन्याला समितीपुढे ठेवायला कुणाकडे साधा तक्ता आहे का?

प्रतिसाद:
ताई, तालुक्याला हिशेबाचं काम बरीच वर्षं केलंय. रुग्णामागचा खर्च सध्या सोडा. पगार नि औषधं धरल्याशिवाय तो आकडा खोटाच येणार, आणि ती दोन्ही तुमच्या हातात नाहीत. एका पानावर शिल्लक, महिन्याचा खर्च, ओपीडी, बाळंतपणं आणि संपत आलेली औषधं शेजारी-शेजारी लिहा. ई-औषधीवरचा (औषधसाठ्याची सरकारी ऑनलाइन नोंद) साठा केंद्रातला फार्मासिस्ट काढून देईल. बंद पडलेल्या वस्तूंना वेगळा रकाना ठेवा, पुढे कधीपासून बंद ती तारीख. आणि एप्रिलच्या बैठकीतच ठराव करून ठेवा: तातडीची दुरुस्ती अमुक रकमेपर्यंत वैद्यकीय अधिकाऱ्यांनी करावी, समितीने पुढच्या बैठकीत मान्यता द्यावी. ती रक्कम मार्गदर्शक सूचनेत बसते ना, हे तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडून लेखी घ्या. हा निधी पगाराला किंवा गाडी घ्यायला चालत नाही, तेवढं सांभाळा.

धागाकर्ती:
दादा, मनापासून आभार. तारखेचा रकाना मला सुचलाच नसता. असा ठराव कुणाच्या समितीत झाला असेल तर त्यातला मजकूर इथे द्याल का? आमची बैठक येत्या गुरुवारी आहे.