घरच्या वेल्डिंग टेबलाची प्लेट: मशीनिंग करून घ्यायची की बोल्टवर सरळ करायची?

खटपट्या_कोल्हापूर
गेल्या दिवाळीत मागच्या बोळाला छोटं फाटक केलं. अंगणातल्या शहाबादी फरशीवरच मांडून टाके (जागेवर धरायला वेल्डचे छोटे ठिपके) मारले, वेल्ड केलं, बिजागरीत अडकवलं. तर खालचा कोपरा बोटभर बाहेर. तेव्हाच ठरवलं, आता टेबल पाहिजे.

उद्यमनगरातून १० मिमीची एमएस (साध्या पोलादाची) प्लेट आणली, १२२० बाय ७६०. वजनाचा हिशोब सोपा: मीटरमधली लांबी गुणिले रुंदी गुणिले मिमीतली जाडी गुणिले ७.८५. म्हणजे ७३ किलो. मला ६२ रुपये किलोनं पडली, साडेचार हजार झाले. घरी मीटरभराची पट्टी तिच्यावर उभी धरली, पलीकडून बॅटरी मारली, तर मधोमध उजेडाची फट. मोटारसायकलचे टॅपेट सेट करायचं फीलर गेज घेऊन पानावर पान चढवत गेलो. १.८ मिमी खोलगट!

ज्याला विचारावं तो म्हणतो, प्लॅनरवर (वरचा थर तासून सपाट करणारं मशीन) काढून घे. मला ते पटत नाही. ही प्लेट दोन टोकांवर ठेवून मी मध्ये बसलो तर तेवढीच वाकते, आणि माझं वजन ६८ किलो. मग बोल्टला ती परत सरळ करायला काय जड आहे? ५० बाय ५० बाय ३ च्या स्क्वेअर पाइपची फ्रेम केली, सहा जागी एम१२ बोल्ट खालून ढकलायला आणि शेजारी काउंटरसंक (डोकं प्लेटमध्ये बुडणारे) बोल्ट खाली ओढायला. प्लेट फ्रेमला वेल्ड केली नाही, आणि हाच खरा मुद्दा आहे. अख्खी संध्याकाळ गेली, पण आता ०.३ चं पान कुठंच जात नाही. घरच्या कामाला मशीनिंग म्हणजे पैसे पाण्यात. ज्यांना पटत नाही त्यांनी बोला.

प्लॅनोमिलर
नाही पटत. २२ वर्षं मशीनवर आहे म्हणून सांगतो. आज ०.३ आहे, महिनाभर घण चालव, मग परत पट्टी लाव. बोल्ट सैल होणारच. आणि दोन टेबलं जोडून लांब जॉब घ्यायचा झाला तर ०.३ चे ०.६ होतात. १६ मिमीची प्लेट घे, दोन्ही बाजूंनी मशीनिंग कर, आयुष्यभर बघायला नको.

खटपट्या_कोल्हापूर
दादा, मी चौकशी केली होती. प्लेटच्या दीडपट नुसती मशीनिंगची मजुरी सांगितली. वर तोच गडी म्हणाला, "एका बाजूनं काढली तर मशीनवरून सोडल्यावर सरळ राहील याची गॅरंटी नाही."

प्लॅनोमिलर
बरोबर सांगितलं त्यानं. रोलिंगमध्ये प्लेटच्या अंगात ताण बसलेला असतो. एका बाजूची साल काढली की तोल बिघडतो आणि प्लेट उठते. म्हणून थोडं काढायचं, उलटायचं, परत थोडं काढायचं. वेळ लागतो, त्याचेच पैसे. घाईत एका कटात काढणाऱ्याकडे जाऊच नका.

ग्रील_मास्तर
भावा, कशाला एवढं डोकं लावायलास? आम्ही जमिनीवर दोन चॅनेल टाकतो, लेव्हल बॉटल लावतो, वर ग्रील जोडतो. टेबल आरशासारखं असलं म्हणून जॉब सरळ राहतोय व्हय? वेल्ड थंड होताना आखडतं. क्लॅम्प सोडला की जॉब उडतोयच. तुझ्या फाटकाचा कोपरा फरशीमुळं नाही, एकाच बाजूनं सलग वेल्ड ओढल्यामुळं बाहेर गेला असणार.

खटपट्या_कोल्हापूर
अर्धं मान्य. मी एका बाजूनं सुरू करून दुसऱ्या टोकापर्यंत ओढत गेलो होतो, खरं आहे. पण टाके मारतानाच चौकटीला पीळ असेल तर पुढं कितीही आलटून पालटून वेल्ड करा, पीळ आतच राहतो. आणि मास्तर, तुमचा हात बसलाय. मला सुट्टीच्या दिवशी गुडघ्यावर बसून काम होत नाही, हेही एक.

पट्टीवाला
अख्खी प्लेट घेतलीच का? १०० बाय १२ च्या फ्लॅट पट्ट्या टाका, मध्ये इंचभर फट सोडा. क्लॅम्प कुठंही लागतो, ग्राइंडिंगचा भुसा खाली पडतो, प्रत्येक पट्टी वेगळी सरळ करता येते.

खटपट्या_कोल्हापूर
आणि वॉशर पण खाली पडतो. शिवाय मला टेबलावर खडूनं पूर्ण मापाचं ड्रॉइंग काढायची सवय आहे, फटींवर रेघ कशी मारू? बाकी क्लॅम्पचा मुद्दा बिनतोड. मी शेवटी कडेला फ्रेमच्या बाहेर ७५ मिमी प्लेट सोडली, पण मध्यभागी क्लॅम्प लागत नाही तो नाहीच.

भंगारात_सोनं
बंद पडलेल्या युनिटमधून जुनं कास्ट आयर्नचं (बिडाचं) मार्किंग टेबल मिळतं का बघा. मला मिळालं. सपाट म्हणजे सपाट, आणि स्पॅटर (वेल्डिंगचे उडून चिकटलेले थेंब) पण पटकन निघतो.

प्लॅनोमिलर
त्याच्यावर टाका मारून जॉब धरायला गेलात तर? बिडावर साध्या रॉडनं मारलेला टाका काचेसारखा कडक होतो, तोडताना बिडाचा टवका घेऊन येतो. तसल्या टेबलावर वेल्डिंग करणं हे पाप आहे, मार्किंगलाच ठेवा.

नवा_गडी
मग मी थेट २० मिमी घेऊ का? बोल्ट नको, मशीनिंग नको.

खटपट्या_कोल्हापूर
जाड म्हणजे सपाट नव्हे. जाडी दुप्पट केली की ताठपणा आठपट होतो. माझ्या प्लेटला साठेक किलो जोर पुरला, तेवढ्याच वाकासाठी २० मिमीला पाचशेच्या घरात लागेल. माझी पाइपची फ्रेम तेव्हा प्लेटला सरळ करणार नाही, प्लेटच फ्रेमला वाकवेल. आणि वजन १४६ किलो, ते वेगळंच. १० किंवा १२ घे. घ्यायच्या आधी पीळ बघ: चार कोपऱ्यांवर सारख्या उंचीचे ठोकळे, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन दोऱ्या ताणून. मध्ये जेमतेम चिकटल्या तर ठीक. मग वरची दोरी खाली घेऊन परत बघ, कारण खालची दोरी वरचीला ढकलत असेल तर एकदाच बघून ते कळत नाही, दोऱ्या नुसत्या चिकटलेल्या दिसतात; अदलाबदल केली की तीच फट उघडी पडते.

ठिणगी_नाशिक
मी लोखंडाची शिल्पं करते, मला ०.३ नं काही फरक पडत नाही. पण दादा, एक विचारू? अर्थिंगचा क्लॅम्प कुठं लावता? प्लेट नुसत्या बोल्टवर बसली आहे, आणि खालच्या बाजूला ती करंट अडवणारी काळी खपली तशीच असेल. क्लॅम्प फ्रेमला असेल तर सगळा करंट त्या बोल्टांच्या आट्यांतून जातो. माझ्या जुन्या टेबलाचा एक बोल्ट असाच नटात चिकटून बसला, शेवटी कापून काढला.

खटपट्या_कोल्हापूर
ताई, क्लॅम्प फ्रेमच्या पायालाच आहे. काल दोन बोल्ट काळे पडलेले दिसले होते, मला वाटलं तेल जळलं. आत्ता पाना लावून बघितला, त्यातला एक हलत नाही.

प्लॅनोमिलर
😄 चला, म्हणजे तो तरी सैल होणार नाही.