ज्युरी ड्युटीचं पत्र आलंय, मदत हवी आहे (न्यू जर्सी)

चिंचगूळ

लोकहो, जरा घाईत लिहितेय, शुद्धलेखनाकडे दुर्लक्ष करा.

गेल्या दिवाळीच्या सुमारास मी सिटिझन झाले आणि आता पोस्टातून ज्युरी ड्युटीचं समन्स आलंय. एक नाही, दोन. एक माझ्या नावाचं, एक सासऱ्यांच्या. नवरा माझ्या कितीतरी आधी सिटिझन झालाय, त्याला आजवर एकदाही बोलावलेलं नाही, त्यामुळे तो नुसता हसतोय.

काउंटी मिडलसेक्स, कोर्ट न्यू ब्रन्सविकला. माझं काम तासावर आहे, गेले नाही तर त्या दिवसाचे पैसे नाहीत. लेक दुसरीत, सव्वातीनला तिच्या बसस्टॉपवर कोणीतरी उभं लागतं. पण खरं सांगायचं तर भीती वेगळीच आहे. ऑफिसात इतकी वर्षं इंग्रजी बोलतेय, पण वकिलांचं इंग्रजी मला कळेल का? आणि एखाद्याच्या आयुष्याचा फैसला मी करायचा? मला तर घरात कुठल्या रंगाचा पडदा लावायचा हे ठरवायला तीन महिने लागतात.

अप्पांचं (सासरे) उलटं. ते ग्रीन कार्डवर आहेत. आयुष्यभर झेडपीच्या शाळेत इतिहास शिकवला. पत्र आल्यापासून अंगात वारं शिरलंय. इस्त्रीचा शर्ट बाजूला काढून ठेवलाय आणि "टिळकांना ज्युरीने दोषी ठरवलं, आता ज्युरीत आपला माणूस बसू दे" असं सासूबाईंना रोज ऐकवतात. फॉर्म भरायलाही घेतला होता, मी पेन काढून घेतलंय.

अप्पांच्या फॉर्मचं काय करू? आणि मला यातून सुटता येईल का, निदान पुढे ढकलता येईल का?

जर्सीवासी

आधी अप्पांचं, कारण घोळ तिथे होऊ शकतो. ज्युरीत फक्त नागरिक बसू शकतो. फॉर्ममध्ये तुम्ही अमेरिकेचे नागरिक आहात का असा प्रश्न असतो, तिथे "नाही" करा आणि पाठवून द्या. तेवढ्यावर विषय संपतो. पण पत्र कचऱ्यात टाकू नका, आणि हौसेने "हो" तर मुळीच करू नका. नागरिक नसताना नागरिक आहे असं सांगणं इमिग्रेशनच्या दृष्टीने फार महागात पडतं. ग्रीन कार्डवर गदा येऊ शकते, पुढे सिटिझनशिपलाही तेच आडवं येतं. पेन काढून घेतलंत ते बरं केलंत.

त्यांना पत्र आलं कसं? मतदार यादी, ड्रायव्हिंग लायसन्स, टॅक्स भरणाऱ्यांची यादी, हे सगळं एकत्र करून त्यातून नावं निघतात. लायसन्सच्या यादीला कोण नागरिक आणि कोण नाही याच्याशी देणंघेणं नसतं. अप्पा गाडी चालवतात ना? मग झालं तर.

आता तुमचं. तारीख पुढे ढकलून मिळते, ऑनलाइन फॉर्ममध्येच सोय आहे. पूर्ण सूट हवी तर ७५ च्या पुढचं वय, गेल्या तीन वर्षांत केलेली ज्युरी ड्युटी, किंवा घरातल्या लहान मुलाला, आजारी माणसाला सांभाळायला दुसरं कोणीच नसणं, असं काहीतरी कारण लागतं. बसस्टॉप घरापासून किती लांब आहे?

चिंचगूळ

चालत चार मिनिटं. आणि हो, कळला प्रश्न. सासूबाई रोज तेवढं फिरायला जातातच.

जर्सीवासी

मग ते कारण विसरा. नोकरीचं म्हणाल तर ज्युरीला गेल्याबद्दल कोणी काढू शकत नाही, पण खाजगी कंपनीने पगार दिलाच पाहिजे असं नाही. मी २०१९ ला गेलो तेव्हा पहिले तीन दिवस रोजचे ५ डॉलर आणि चौथ्या दिवसापासून ४० होते. कोणी श्रीमंत झाल्याचं ऐकलं नाही. एक दिवस किंवा एक खटला असा हिशेब असतो. त्या दिवशी निवड झाली नाही तर सुटलात.

मठ्ठा_जिलबी

इंग्रजी समजत नाही म्हणून सांगा हो. आमच्या शेजारचे एक जण असेच सुटले.

जुना_पुणेकर

आणि सिटिझनशिपची मुलाखत कोणत्या भाषेत दिली, असं न्यायाधीशांनी विचारलं तर? तिथे शपथेवर बोलावं लागतं. असले सल्ले मोफत मिळतात, दंड मात्र घेणाऱ्याने भरायचा.

चिंचगूळताई, अप्पांना माझा नमस्कार सांगा. टिळकांच्या १९०८ च्या खटल्यात नऊ जणांची ज्युरी होती, सात युरोपियन आणि दोन पारशी. निकाल ७ विरुद्ध २. त्याआधी १८९७ ला ६ विरुद्ध ३. गंमत म्हणजे १८९७ ला टिळकांना जामीन मिळवून देणारे बॅरिस्टर दावर, तेच १९०८ ला न्यायमूर्ती होते आणि सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा त्यांनीच सुनावली.

वालाचं_बिरडं

आणि नानावटीच्या खून खटल्यामुळे भारतातली ज्युरी बंद झाली, हेही सांगा अप्पांना.

जुना_पुणेकर

हे अर्धवट आहे. १९५९ मध्ये मुंबईच्या ज्युरीने नानावटीला ८ विरुद्ध १ ने निर्दोष ठरवलं, ते सेशन्स जजना पटलं नाही, त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं आणि तिथे जन्मठेप झाली, सगळं खरं. त्या खटल्याने ज्युरीची अब्रू गेली हेही खरं. पण ज्युरी त्याआधीपासूनच ठिकठिकाणी मोडीत निघत होती, कायद्यातून पुरती गेली ती १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत. पारशी लोकांच्या घटस्फोटाच्या दाव्यांत तर न्यायाधीशांबरोबर समाजातले प्रतिनिधी बसवायची तरतूद १९३६ च्या कायद्यात आहे. असो, धागा भरकटतोय.

चिंचगूळ (सव्वा महिन्याने)

अपडेट. अप्पांचा फॉर्म "नाही" करून पाठवला. दोन दिवस घरात सुतक होतं.

मी तारीख ढकलली नाही. आज नाही तर उद्या जायचंच आहे. दिवाणी दावा निघाला, त्यामुळे निवड झूमवर झाली. खोलीत एकटं बसायचं, कॅमेरा चालू ठेवायचा. स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत बसले, तिथेच चुकलं. न्यायाधीश बाई दाव्याची माहिती वाचत होत्या आणि आमच्या कुकरने शिट्टी दिली. त्या थांबल्या. कोणाकडे फायर अलार्म वाजतोय का, सुरक्षित आहात ना, अशी चौकशी. मी हात वर करून डाळ शिजतेय म्हणून सांगितलं. सगळे हसले, तेवढ्यात दुसरी शिट्टी.

मग प्रत्येकाला तेच प्रश्न. काय काम करता, घरात कोण कोण, टीव्हीवर काय बघता, बातम्या कुठून कळतात. आणि गाडीवर बंपर स्टिकर आहे का, असल्यास त्यावर काय लिहिलंय! आमच्या मागच्या काचेवर "आई तुळजाभवानी" आहे. हे इंग्रजीत काय सांगायचं? कुलदेवी म्हटलं, मग कुलदेवी म्हणजे काय ते सांगितलं, मग स्पेलिंग विचारलं. एक एक अक्षर सांगितलं. न्यू जर्सीच्या कोर्टाच्या दप्तरी तुळजाभवानीची नोंद झाली, अप्पांना तेवढंच समाधान.

काही जणांना वकिलांनी कारण न सांगता वगळलं. मला ठेवलं. सोमवारपासून प्रत्यक्ष कोर्टात जायचंय.

चिंचगूळ (सोमवारी रात्री)

[मजकूर मी स्वतः काढला आहे. खालचे प्रतिसाद वाचल्यावर कारण कळेल.]

काळा_मसाला

चिंचगूळ, मी डॉक्टर आहे आणि तुम्ही मणक्याच्या चकतीबद्दल जे विचारलंय त्याचं उत्तर मला येतं. पण मी ते देणार नाही, आणि बाकी कोणीही देऊ नका. तुम्ही ज्युरीत आहात. साक्षीपुराव्यात आलं नाही ते बाहेरून मिळवायचं नसतं.

जर्सीवासी

ते आधी काढून टाका. न्यायाधीशांनी सांगितलं नव्हतं का? नवऱ्याशी बोलायचं नाही, गुगल करायचं नाही, बरोबरच्या ज्युररशीसुद्धा आत बसेपर्यंत चर्चा नाही.

चिंचगूळ

सांगितलं होतं हो. फेसबुक, ट्विटर सगळ्यांची नावं घेऊन सांगितलं होतं. इथे मराठीत लिहितोय, माणसाचं नाव नाही, गावाचं नाव नाही, आपलीच चार माणसं, म्हणून डोक्यात आलंच नाही. दिवसभर दोन डॉक्टर एकच एमआरआय दाखवून उलटसुलट बोल... बघा, परत लिहायला लागले. काढते.

जुना_पुणेकर

मराठीत लिहिलं म्हणून ते लिहिलंच नाही असं होत नाही. उद्या सकाळी कोर्टात गेल्यावर पहिल्यांदा तिथल्या ऑफिसरला सांगा की असं झालं. लपवलंत आणि नंतर निघालं, तर सगळा खटला पुन्हा करावा लागेल. त्या दोन पक्षांनी यासाठी किती वर्षं वाट बघितली असेल कोण जाणे. आणि निकाल लागेपर्यंत इथे फिरकू नका. आम्हीही इथे काही लिहीत नाही.

चिंचगूळ (पुढच्या शनिवारी)

संपलं. आता बोलायची परवानगी आहे, न्यायाधीशांनी तसं सांगून सोडलंय. ओळख पटेल असं मात्र काही लिहिणार नाही.

मंगळवारी सकाळी ऑफिसरला सांगितलं. पाय लटपटत होते. बाकीचे ज्युरर बाहेर, मी एकटी आत, न्यायाधीश बाई आणि दोन्ही वकील. काय लिहिलं, कुठे लिहिलं, कोणी उत्तर दिलं का? मी सांगितलं, एक डॉक्टर होते, पण त्यांनी नकार दिला. बाईंनी "नकार दिला?" असं परत विचारलं. हो म्हटलं. त्यांनी वकिलांकडे पाहिलं, त्यांची काही हरकत नव्हती. मला ठेवलं. काळा_मसाला, तुमचे आभार कसे मानू कळत नाही.

दावा साधा होता. सिग्नलला उभ्या गाडीला मागून ठोकर. चूक कोणाची यावर वादच नव्हता. आम्हाला एक कागद दिला होता, त्यावर पहिलाच प्रश्न: या अपघातामुळे या माणसाला कायमची इजा झाली हे सिद्ध झालंय का, हो की नाही. "नाही" असेल तर पुढचं काही बघायचंच नाही. इथल्या बऱ्याच कार इन्शुरन्समध्ये तशी अट असते म्हणे, स्वस्त हप्त्याच्या बदल्यात. कायमची इजा नसेल तर दुखण्याखुपण्याची भरपाई मागता येत नाही. सगळ्यांनी आपापली पॉलिसी काढून बघा, मी घरी आल्यावर पहिलं तेच काम केलं. आम्हीही स्वस्तवालीच घेतलीय.

दावा लावणाऱ्या माणसाच्या बाजूचा डॉक्टर चकती दाखवून म्हणे, ही अपघाताने सरकली. समोरचा तीच चकती दाखवून म्हणे, ही वयाने झिजली. इंग्रजीची मला उगाच भीती होती, शब्द सगळे कळले. न्यायाधीशांनी तराजूचा दाखला दिला होता, एक पारडं केसभर जरी झुकलं तरी पुरे, फौजदारीसारखं शंकेला जागाच नको असं इथे नाही. पण ते केसभर बघायला माझी नजर पुरत नव्हती. तो माणूस उशी घेऊन बसायचा, थोड्या थोड्या वेळाने उभा राहायचा. बुधवारी जेवणाच्या सुट्टीत लिफ्टपाशी तो दिसला, बुटाची नाडी बांधायला वाकत होता. तो कसा वाकतो, कण्हतो का, हे बघायचा इतका मोह झाला! मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. एक बाई विचारून गेल्या, बरं वाटत नाहीये का म्हणून.

गुरुवारी दुपारी सगळं संपलं. आता आत बसून ठरवायचं. आम्ही आठ जण होतो, पण ठरवतात सहाच. उरलेले दोन कोण हे त्या क्षणी चिठ्ठ्या काढून ठरतं, तोवर कोणालाच माहीत नसतं. आमच्या भिशीत माझी चिठ्ठी कधी पहिल्या सहा महिन्यांत निघाली नाही. इथे पहिलीच निघाली. मी राखीव.

चार दिवस ऐकलं, वही भरून टिपणं काढली, ती वही त्यांनी परत घेतली. सहा जण आत गेले. मी आणि एक निवृत्त बस ड्रायव्हर वेगळ्या खोलीत. तिथेही खटल्याबद्दल बोलायचं नाही, त्यामुळे त्यांनी मला टोमॅटोवर कीड पडली तर काय करावं ते सविस्तर सांगितलं. दीड तासाने निकाल आला. "नाही." ५ विरुद्ध १. दिवाणीत सहापैकी पाच पुरतात. तो माणूस उशी उचलून वकिलाबरोबर निघून गेला.

मठ्ठा_जिलबी

तुम्ही काय दिलं असतं?

चिंचगूळ

अप्पा रोज जेवताना हेच विचारतात. बुधवारी रात्री एक उत्तर होतं, गुरुवारी सकाळी दुसरं. चिठ्ठी निघाली तेव्हा मला हायसं वाटलं की राग आला तेही सांगता येत नाही.

जर्सीवासी

चेक आला का?

चिंचगूळ

अजून नाही. अप्पा त्याची झेरॉक्स काढून ठेवणार आहेत.

कैरी_पन्हं

धागा वर आणतेय. आईला (ग्रीन कार्ड) असंच पत्र आलंय, ती सध्या नाशिकला आहे, तीन महिन्यांनी येईल. आणि काल तिच्या इथल्या नंबरवर फोन आला, तुम्ही ज्युरीला आला नाहीत, वॉरंट निघालंय, गिफ्ट कार्डने दंड भरा म्हणून. भरायचा का?

जुना_पुणेकर

अजिबात भरू नका, तो भामटा आहे. कोर्ट फोनवर पैसे मागत नाही, गिफ्ट कार्ड तर नाहीच. पत्रावरच्या नंबरवर तुम्ही स्वतः फोन करून खात्री करा. आणि आईचा फॉर्म त्यांना विचारून ऑनलाइन भरून टाका, नागरिकत्वाच्या प्रश्नाला "नाही". त्या येईपर्यंत थांबू नका.