८ इंची आरसा घासून झालाय, चांदी चढवू की ॲल्युमिनियम?

काचघाश्या:
न्यूटोनियन (दोन आरशांच्या) दुर्बिणीसाठी ८ इंची आरसा घासून पॉलिश करून ठेवलाय, आता मुलाम्यापाशी गाडी अडलीये. ॲल्युमिनियमला व्हॅक्यूम चेंबर लागतो, चांदी म्हणे केमिकलने घरीच चढते आणि चमकते पण जास्त. मग सगळे ॲल्युमिनियमच का करून घेतात?

रात्रपाळी:
चमकते हे खरंय. ताजी चांदी दिसणारा प्रकाश ९५ टक्क्यांच्या वर परत फेकते, साधं ॲल्युमिनियम ८८-९०. तुझ्या दुर्बिणीत दोन आरसे, म्हणजे दोन्हीवर चांदी असेल तर साधारण ९२ टक्के उरणार, ॲल्युमिनियम असेल तर ७७-८१. पण ताऱ्याच्या प्रतीत (तेज मोजायच्या मापात) बघशील तर हा फरक ०.२ च्या आतलाच, आयपीसला (डोळ्याजवळच्या भिंगाला) डोळा लावून कळला तर कळला. खरी बोंब काळवंडण्याची आहे, हवेतल्या हायड्रोजन सल्फाईडने चांदी आधी पिवळट पडते मग तपकिरी. ॲल्युमिनियमवर ऑक्साईडचा पारदर्शक थर आपोआप धरतो आणि तोच त्याला सांभाळतो. १९३० च्या दशकात व्हॅक्यूमचं तंत्र जमलं तशी वेधशाळांनी चांदी सोडली.

इन्फ्राभाऊ:
सगळ्यांनी नाही हो सोडली. जेमिनी वेधशाळेच्या ८.१ मीटरच्या आरशांवर चांदीच आहे, वर संरक्षक थर देऊन. इन्फ्रारेडमध्ये आरसा स्वतःच उष्णता फेकत बसला की निरीक्षणाची वाट लागते, आणि चांदी ती फारच कमी फेकते. मात्र ४०० नॅनोमीटरच्या खाली ती ढेपाळते, अल्ट्राव्हायोलेटला ॲल्युमिनियमच हवं.

जुनी_काच:
घरी होतं, मी करतो. सिल्व्हर नायट्रेट, अमोनिया, कॉस्टिक आणि शेवटी ग्लुकोज, बस. सगळा खेळ काच धुण्यात आहे. डिस्टिल्ड वॉटर ओतल्यावर पाणी अख्ख्या काचेवर सलग पसरलं पाहिजे, कुठे थेंब धरला म्हणजे तिथे तेलकट आहे आणि चांदी नेमकी तिथूनच पापुद्रा सोडणार. थर ०.१ मायक्रॉनचा, म्हणजे तुझ्या आरशावर जेमतेम ३५ मिलिग्रॅम चांदी बसते, बाकीची पाण्यात जाते 😀

आता नीट वाच, हे महत्त्वाचं. उरलेलं अमोनियावालं द्रावण बाटलीत भरून अजिबात ठेवायचं नाही, त्यात स्फोटक साका तयार होतो आणि नुसत्या हलवण्यानेही उडू शकतो. काम झालं की लगेच पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिड घाल, पांढरा सिल्व्हर क्लोराईड खाली बसतो. गॉगल आणि हातमोजे घालूनच.

काचघाश्या:
बापरे, हे माहीतच नव्हतं. आणि काळं पडू नये म्हणून वरून लॅकर मारला तर?

जुनी_काच:
नको रे. आपला मुलामा काचेच्या पुढच्या बाजूला असतो, लॅकर कमीजास्त बसला की एवढा जीव काढून आणलेला पॅराबोला (आरशाचा खोलगट आकार) बिघडला. त्यापेक्षा काळी पडली की उतरव आणि परत चढव. आणि झाकणाला रबराची पट्टी लावू नकोस, रबरातलं गंधक चांदीला खातं.




रात्रपाळी:
दरवेळी आरसा काढा, धुवा, चढवा, परत कोलिमेशन करा (आरसे एका रेषेत जुळवा)... एवढी हौस असेल तर चांदी, नाहीतर सरळ ॲल्युमिनियम करून घे.