दशावतारासाठी फोन हवा: दिवसा आणि रात्री दोन्ही चालेल असा, बजेट २५ हजार

जत्रेकरीण
नमस्कार मंडळी. माझे बाबा दशावतारात, म्हणजे आमच्या कोकणात जत्रेला रात्रभर चालणाऱ्या नाटकात, राजपार्ट (राजाची भूमिका) करतात. हा त्यांचा शेवटचा मोसम, गुडघे आता साथ देत नाहीत. यंदा त्यांचे नीट फोटो काढून ठेवायचेत. दुपारी देवळाच्या पडवीत पेटारा उघडून ते मुकुट आणि कपडे बाहेर काढतात ते, आणि रात्री बारानंतरचे, नाटक रंगात आलं की. माझा चार वर्षांचा फोन दुपारी बरा चालतो. रात्री मात्र बाबांचा रंगवलेला चेहरा चुन्यासारखा पांढरा येतो, भुवयासुद्धा दिसत नाहीत, आणि लढाई सुरू झाली की तलवारीच्या जागी नुसता धूर. मी साधारण पंधरा फुटांवर बसते. बजेट २५,०००, त्याच्या वर एक रुपया नाही. नवा आणि बिलासकट हवा.

ठाणेकर_०९
आयफोन १३ घे, डोळे झाकून. माझ्याकडे तीन वर्षं आहे. भाचीच्या लग्नात हॉलचे दिवे गेले होते तेव्हाचे फोटो पण सुरेख आलेत. थोडे पैसे साठव, पण घ्यायचा तर हाच.

जत्रेकरीण
दादा, बजेट २५ आहे. आणि जत्रा पुढच्या आठवड्यापासून सुरू होतायत, साठवायला वेळ नाही.

मेगापिक्सेलवाला
१०८ मेगापिक्सेलचा घ्या. माझा १८ हजारांत आला. गच्चीवरून काढलेल्या फोटोत समोरच्या इमारतीवरच्या पाण्याच्या टाकीवरचं नाव वाचता येतं!

रॉ_फाईल
ते दिवसा, गच्चीवरून. रात्री तो १०८ वाला सेन्सर (उजेड टिपणारी चकती) शेजारचे नऊ नऊ पिक्सेल जोडून एक करतो आणि हातात १२ मेगापिक्सेलचाच फोटो ठेवतो. त्यात वाईट काही नाही, ती सोयच आहे. पण १०८ या आकड्यावर रात्रीचा फोन निवडू नये.

मेगापिक्सेलवाला
माझे रात्रीचे पण छान येतात. परवाच वाढदिवसाचा केक काढला.

पिक्सेलप्रेमी
गुगलचा सेकंडहँड पिक्सेल फोन बघा. २०१८ मध्ये पिक्सेल ३ वर नाइट साइट (त्यांचा रात्रीच्या फोटोंचा मोड) आलं तेव्हापासून मी दुसऱ्या फोनकडे वळलेलो नाही. पिक्सेल ४ पासून तर स्टँडवर ठेवून आकाशगंगासुद्धा काढता येते, सोळा-सोळा सेकंदांच्या पंधरा फ्रेम, एकूण चार मिनिटं. मी भंडारदऱ्याला काढलीय.

जत्रेकरीण
आकाशगंगा हलत नाही हो. बाबा हलतात.

निळी_छत्री
सेकंडहँडच्या नादाला लागू नका. मी एका संकेतस्थळावरून 'उत्तम अवस्था' म्हणून घेतलेला फोन पावसाळ्यात आतून धुरकटला. लेन्सच्या आत वाफ. दिव्याभोवती मोठं वर्तुळ यायचं. परत घ्यायला दीड महिना लावला.

कणकवलीकर_७७
ओआयएस, म्हणजे लेन्स सावरून धरणारी सोय, असलेला घ्या. हात हलला तरी फोटो हलत नाही. बस, एवढंच बघा.

रॉ_फाईल
ओआयएस हवंच, पण ते तुमचा हात सावरतं, नटाचा नाही.

ताई, तुमच्या दोन तक्रारींची कारणं वेगळी आहेत. चेहरा पांढरा पडतो तो अंधारामुळे नव्हे. मागे काळोख आणि राजावर एक झगझगीत दिवा. फोन सगळ्या चौकटीचा हिशेब करतो, काळोख जास्त म्हणून उजेड वाढवतो आणि त्यात चेहरा जळतो. हे तुमच्या जुन्या फोनवरही सुधारेल. बाबांच्या चेहऱ्यावर बोट दाबून धरा, लॉक झालं की शेजारचं सूर्याचं चिन्ह खाली ओढा. पडद्यावर फोटो जरा काळपट वाटेल, वाटू दे. काळोखातलं नंतर थोडं वर काढता येतं, जळलेला चेहरा परत येत नाही.

धूर होतो तो शटर जास्त वेळ उघडं राहिल्यामुळे. नाइट मोड पाठोपाठ बऱ्याच फ्रेम घेऊन एकावर एक बसवतो. दीपमाळ, देऊळ, झोपलेलं पोर सुंदर येतं. लढाईत तो बंद ठेवा. प्रो मोडमध्ये, म्हणजे आकडे हाताने लावायच्या मोडमध्ये, शटर १/१०० सेकंद, आयएसओ (उजेड किती वाढवायचा तो आकडा) ८०० पासून, अगदीच काळं आलं तर १६००. आपली वीज ५० हर्ट्झची, साधे एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. १/१०० किंवा १/५० धरलं की फोटोत आडवे पट्टे येत नाहीत. तलवारीचं टोक तरीही पुसट येईल. चेहरा मिळेल.

घेताना मुख्य कॅमेऱ्याच्या सेन्सरचा आकार बघा. १/१.५६ इंच हा १/२.५५ पेक्षा बराच मोठा. खालचा आकडा लहान तितका सेन्सर मोठा आणि उजेड जास्त. रात्री वाइड लेन्स वापरू नका, तिचा सेन्सर बहुधा छोटाच असतो. दोन मेगापिक्सेलचा मॅक्रो फुकट दिला तरी त्याच्याकडे बघू नका. दुपारच्या फोटोंची काळजी सोडा, उन्हात आताचे सगळेच फोन चांगले काढतात. फक्त काही फोन लाल रंग भडक करतात, तेवढं भरजरी कपड्यांवर तपासा.

मालवणी_झील
माका येकच सांगूचा हा. फ्लॅश मारू नको. गेल्या वर्सा आमच्या जत्रेत येकान फ्लॅश मारल्यान, राजाक काय दिसाक नाय आणि तो बाकड्यार आपटलो. पायाक लागला तरी सकाळपर्यंत उभो रवलो.

जत्रेकरीण
फ्लॅश कधीच नाही. लहानपणापासून तेच शिकवलंय.

कोकणकन्या_पुणे
कुठली जत्रा गं? आमच्याकडे खाजं घ्यायला गेलं की पहिलं नाटक अर्धं सरतं. गुळाचं आणि आल्याचं, दोन्ही. पुण्यात ती चव नाही.

मालवणी_झील
पुण्यात मेळता ता खाजा नाय, नुसती साखर.

कोकणकन्या_पुणे
अगदी. बरं, ओआयएस असलेलाच घे बरं का.

कॅमेरा_काका
फोन कशाला? जुना डीएसएलआर आणि ५० मिमी एफ १.८ ची लेन्स घ्या. मी तीस वर्षं लग्नं काढली. एवढ्याशा काचेतून उजेड शिरणार किती?

ठाणेकर_०९
काका, तिला फोन हवाय.

कॅमेरा_काका
हवाय म्हणून काय झालं, फोटो चांगला हवाय ना? दशावतारातल्या संकासुर राक्षसाच्या काळ्या कपड्याचा फोटो काढून बघा फोनने. अंधारात फोटोवर उठणारे दाणे पुसण्याच्या नादात फोन सगळ्या चुण्या लिंपून टाकतो. माणूस नाही, काळा डाग दिसतो.

रॉ_फाईल
काकांचं हे खरं आहे. फोनमध्ये रॉ, म्हणजे फोनने न पुसलेली कच्ची फाईल, साठवायची सोय असेल तर संकासुरापुरती चालू करा.

जत्रेकरीण
सगळ्यांचे आभार. काल फोन घेतला. तुम्ही सुचवलेल्यांपैकी एकही नाही.

कुडाळला दुकानात गेले आणि मालकांना आतलं गोदाम मागितलं. एक पिवळा बल्ब सोडून बाकी दिवे बंद. त्यांचा मुलगा माझ्यासमोर हात फिरवत उभा राहिला, मी तीन फोनांवर तोच फोटो काढला, प्रत्येकावर दहा दहा. एकात बोटं मोजता आली. मोटोरोला एज ५० फ्यूजन, सेन्सर १/१.५६ इंच, ओआयएस आहे, बजेटात बसला. मग माझी लाल ओढणी उन्हात धरली, रंग ओढणीसारखाच आला.

रात्री पहिल्या जत्रेत प्रो मोड लावला आणि तासाभरात सोडला. बाबांचं बोलणं ऐकायचं की आकडे फिरवायचे? त्यांचे संवाद ठरलेले नसतात, त्या रात्री सुचेल ते बोलतात, मला ते चुकवायचं नव्हतं. बोट दाबून सूर्य खाली ओढायचा, एवढंच ठेवलं. लढाईचे चाळीस काढले, चार राहिले.

सगळ्यात चांगला मात्र सकाळचा आलाय. दहीकाला झाला, उजाडत होतं, बाबा मुकुट मांडीवर घेऊन बाकड्यावर टेकले होते. कपाळावर मुकुटाच्या कडेचा वळ उमटलाय, कानामागे रंग घामाने ओघळलाय, सगळं दिसतंय. साधा ऑटो, काहीही न बदलता.

रॉ_फाईल
चाळीसातले चार म्हणजे चांगले आले. तो सकाळचा इथे टाका ना.

जत्रेकरीण
बाबांना विचारून टाकते. आत्ता झोपलेत.