इन्स्टॉल फसलं की मशीन पुसायचं, ही सवय आपण सोडली पाहिजे

रात्रपाळी
ऑफिसातल्या सगळ्या कॉम्प्युटरवर आम्ही एका जागेवरून प्रोग्राम टाकतो. त्या कन्सोलवर इन्स्टॉल फसल्याची लाल खूण दिसली की प्रोग्राम पुन्हा ढकला, तरीही नाही झालं तर मशीन रीसेट करा. आमच्या टीममध्ये हेच चालतं आणि मला ते पटत नाही. गेल्या महिन्यातलंच सांगतो. सगळ्यांच्या वापरातल्या एका प्रोग्रामची नवी आवृत्ती आम्ही इंट्यूनमधून, म्हणजे मशीन दुरून सांभाळायच्या मायक्रोसॉफ्टच्या सेवेतून, सोडली. बऱ्याच मशीनवर ‘अयशस्वी’. त्यातली सहा पुसून नव्याने उभी केली. दुसऱ्या दिवशी सहाही पुन्हा लाल. मग एका मशीनसमोर जाऊन बसलो, तर प्रोग्राम जागेवर होता, आवृत्ती नवीच होती, उघडतही होता. चूक आम्ही लिहिलेल्या डिटेक्शन रूलमध्ये, म्हणजे प्रोग्राम बसलाय की नाही हे ओळखायच्या नियमात, होती. प्रोग्राम ३२ बिटचा, त्यामुळे त्याची नोंद रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीत) ३२ बिटसाठीच्या वेगळ्या भागात, ‘वाव ६४३२ नोड’खाली पडते. नियमात ३२ बिटचा पर्याय निवडायचा राहिला होता, म्हणून शोध ६४ बिटच्या बाजूला चालला होता. इन्स्टॉल होतंय पण सापडत नाही, म्हणून मशीनवरचा इंट्यूनचा एजंट तेच काम परत परत करतोय. सहा जणांचा दिवस आम्ही फुकट घालवला.

कारण कळल्याशिवाय मशीन पुसू नये. पुसलं की लॉग, म्हणजे काय काय घडलं त्याची नोंद, जातो, आणि लॉग गेला की शोधायला काही उरतच नाही.

एकहाती
तुमच्याकडे टीम आहे, मी एकटा आहे. वर्बोज, म्हणजे सविस्तर, लॉग हजारो ओळींचा असतो. इन्स्टॉलर देतो तो कोड १६०३ म्हणजे ‘इन्स्टॉल करताना गंभीर चूक’, यातून कळतं काय? लोकांच्या फाइल क्लाउडमध्ये आहेत, रीसेट माझ्या देखरेखीशिवाय चालतो, आणि शेवटी मशीन कोणत्या अवस्थेत आहे हे मला नक्की माहीत असतं. वर्षानुवर्षं अर्धवट अनइन्स्टॉल होत आलेल्या मशीनवर कारण शोधत बसणं म्हणजे माझ्या दृष्टीने बाकीच्यांना ताटकळत ठेवणं.

शिवाय उशिराची किंमत असते. फाइल कुलूपबंद करून खंडणी मागणारं वॉनाक्राय १२ मे २०१७ ला पसरलं. ज्या भोकातून ते शिरलं ते बुजवणारा पॅच १४ मार्चलाच आला होता. जवळजवळ दोन महिने हातात होते. पॅच लागत नसलेलं मशीन मी ‘तपास चालू’ म्हणून नेटवर्कवर ठेवणार नाही.

रात्रपाळी
पॅच न लागलेलं मशीन बाजूला काढा, त्याला माझा विरोध नाही. पण १६०३ बद्दल बोलतो, कारण या कोडला लोक उगाच घाबरतात. सगळा लॉग वाचायचा नसतोच. त्यात ‘रिटर्न व्हॅल्यू ३’ ही पायरी फसल्याची खूण शोधा आणि तिथून वर सरका. खरी चूक बहुतेक वेळा त्याच्या आधीच्या काही ओळींत असते. १६१८ आला तर दुसरं इन्स्टॉल चालू आहे, थांबायचं. ३०१० ही तर चूकच नाही, काम झालंय, फक्त रीस्टार्ट बाकी आहे. ३०१० वर मशीन पुसलेलं मी पाहिलंय आणि त्याचं मला खरंच वाईट वाटतं.

दुसरं म्हणजे, आपण इन्स्टॉलर तपासतो तो स्वतःच्या लॉगिनने. प्रत्यक्षात तो विंडोजच्या स्वतःच्या सिस्टम खात्याखाली चालतो. त्या खात्याला वापरकर्त्याने जोडलेला नेटवर्क ड्राइव्ह दिसत नाही, वापरकर्त्याची प्रॉक्सी सेटिंग (इंटरनेटला कोणत्या मधल्या सर्व्हरमार्फत जायचं ते) लागू होत नाही. आणि इन्स्टॉलरने ‘आधी अमुक प्रोग्राम बंद करा’ अशी खिडकी उघडली तर ती कुणाच्याच स्क्रीनवर येत नाही. तो उत्तराची वाट बघत बसतो, वेळमर्यादा संपते, आपल्याला मिळतं ‘अयशस्वी’. सोडण्याआधी पीएसएक्झेक या मायक्रोसॉफ्टच्या छोट्या साधनाने इन्स्टॉलर सिस्टम म्हणून एकदा चालवून बघा, यातलं पुष्कळसं तिथेच पकडलं जाईल. यातली एकही अडचण रीसेटने जात नाही, कारण ती मशीनमध्ये नसतेच, पॅकेजमध्ये असते.

टप्प्याटप्प्याने
तुम्ही दोघं फसल्यानंतरचं बोलताय. एकदम सगळीकडे सोडलंच का? आधी आपली स्वतःची मशीन, मग प्रत्येक विभागातली दोन-चार, दोन दिवसांनी बाकीची. १९ जुलै २०२४ चा क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या अपडेटचा प्रकार आठवा. सदोष फाइल ७८ मिनिटांत मागे घेतली, तरी मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख विंडोज मशीन कोसळली. त्यातल्या कितीतरी मशीनसमोर माणसाला उभं राहून सेफ मोडमध्ये जावं लागलं, वर डिस्क कुलूपबंद करणाऱ्या बिटलॉकरची रिकव्हरी की शोधावी लागली.

एकहाती
हे उदाहरण तुमच्या बाजूचं नाही. ज्यांनी सेन्सर, म्हणजे मशीनवरचा क्राउडस्ट्राइकचा प्रोग्राम, मुद्दाम एक आवृत्ती मागे ठेवला होता, त्यांनाही ती फाइल गेलीच. ते टप्पे सेन्सरच्या आवृत्तीसाठी होते, सेन्सरला नवे धोके ओळखायला पाठवल्या जाणाऱ्या त्या कंटेंट फाइलला लागूच नव्हते. टप्पे पाडा, मीही पाडतो. पण आपण पाडलेला टप्पा कोणकोणत्या अपडेटला लागू आहे हे तपासलं नसेल तर तो फक्त मनाचं समाधान आहे.

टप्प्याटप्प्याने
मान्य, तो मुद्दा माझ्याकडून सुटला. तरी रात्रपाळींचा डिटेक्शनचा घोळ पाच मशीनवरच थांबला असता, एवढं म्हणणं मागे घेत नाही.

पलीकडची
मी तंत्रज्ञ नाही, ज्यांची मशीन पुसली जातात त्यांच्यातली आहे. ‘फाइल क्लाउडमध्ये आहेत’ हे वाक्य मला दोनदा ऐकवलं गेलंय. फाइल परत आल्या. पण मी जमवलेली शब्दसूची, ब्राउझरमधल्या खुणा, स्कॅनरची जुळणी, प्रोग्राममधल्या माझ्या सेटिंग, हे सगळं बसवायला मला दीड दिवस लागला. तुमचं तिकीट, म्हणजे तक्रारीची नोंद, मात्र तासाभरात बंद झालं होतं. पुसायचं असेल तर आदल्या दिवशी सांगा, एवढं तरी करा.

एकहाती
पलीकडची, हे मी मोजत नव्हतो. रीसेटचा वेळ मी माझ्या घड्याळाने धरत आलो. आदल्या दिवशी कळवणं उद्यापासून सुरू.

रात्रपाळी, लॉगबद्दल एवढं करतो: रीसेटचं बटण दाबण्याआधी कन्सोलवरूनच डायग्नॉस्टिक्स, म्हणजे मशीनवरचे लॉग आणि माहिती, गोळा करून ठेवीन. मशीनपर्यंत जावं लागत नाही आणि पुरावा राहतो. इन्स्टॉलच्या कमांडमध्ये वर्बोज लॉगचा स्विचही घालीन, तो आजवर घालत नव्हतो. पण एका मशीनला वीस मिनिटं, ही मर्यादा मी सोडणार नाही.

रात्रपाळी
एका मशीनपुरती असेल तर वीस मिनिटं चालतील. तोच कोड दुसऱ्या मशीनवर दिसला तर मात्र दोन्हींना हात लावू नका, पॅकेज उघडा.

एकहाती
त्या वेळी नवीन सोडणंही थांबवावं लागेल, नाहीतर पॅकेज बघेपर्यंत आणखी मशीन लाल होतील. ते थांबवायचा अधिकार माझ्याकडे नाही. वरच्यांकडे आधी तोच मागतो.