घराचं क्लोजिंग चार महिन्यांनी, करारात काय लिहून घ्यावं?

मंडळी, नमस्कार.

इथे अमेरिकेत घर पसंत पडलं, ऑफरही मान्य झाली. घोडं अडलंय तारखेवर. विकणाऱ्यांच्या मुलांची शाळा जूनअखेरपर्यंत आहे, त्यांना जुलैच्या मध्याआधी घर सोडायचं नाही. आता कुठे मार्च लागलाय. आमचं लीज ३१ जुलैपर्यंत आहे, त्यामुळे आम्हालाही घाई नाही. एजंट म्हणतो, क्लोजिंग (पैसे देऊन घर नावावर होण्याचा दिवस) १५ जुलै टाका, सही करा, झालं. खरंच एवढं सोपं आहे का?

---

ताई, आधी अभिनंदन!

सहीपूर्वी दोन तारखा शेजारी ठेवून बघा: क्लोजिंगची आणि मॉर्गेज कंटिंजन्सी, म्हणजे कर्ज न मिळाल्यास पैसे परत घेऊन करारातून बाहेर पडू देणारी अट, संपण्याची. आमच्या वेळी क्लोजिंग पाच महिने पुढे ढकललं, पण कंटिंजन्सी छापील नमुन्यातलीच राहिली, काही आठवड्यांत संपणारी. त्यानंतर कर्ज नाकारलं गेलं असतं तर अर्नेस्ट मनीवर (विसाराच्या रकमेवर) पाणी सोडावं लागलं असतं. मधे व्याजदर चढले, आम्ही जेमतेम बसलो त्यात. तीन महिने मी दात घासायच्या आधी दर बघत होतो. शेवटी हिने फोन लपवला.

रेट लॉक, म्हणजे ठरलेला व्याजदर बँकेने धरून ठेवणं, साधारण ३० ते ६० दिवसांचा मिळतो, जास्त हवा तर बहुतेक वेळा पैसे मोजावे लागतात. थांबायचंय त्यांना, मग ते पैसे त्यांनी का देऊ नयेत? क्लोजिंगला क्रेडिट (तुमच्या देण्यातून वजावट) म्हणून लिहून घ्या. तोंडी ‘बघू’वर जाऊ नका.

मला विचाराल तर मेअखेरीस क्लोजिंग करा आणि त्यांना जुलैच्या मध्यापर्यंत भाडेकरू म्हणून राहू द्या. रेंट-बॅक म्हणतात ते हेच. स्वतः राहण्यासाठी घेतलेल्या कर्जात सहसा ६० दिवसांत राहायला जायची अट असते, ती यात पाळली जाते. मात्र डिपॉझिट, मुदत उलटल्यास दिवसाचा दंड, हे सगळं वकिलाकडून लिहून घ्या, आणि विमा कंपनीलाही कळवा. तोवर नोकरी बदलणं, नवी गाडी घेणं नको. बँक अगदी शेवटी पुन्हा तपासते.

---

काका, आत्ता करार उघडून पाहिला. क्लोजिंग १५ जुलै, कंटिंजन्सी १० एप्रिल! एजंटला फोन लावतेय. रेंट-बॅकचंही विचारते.